खापराचा स्टँड

ऐक गं, आता नुसतं ऐक. मध्येच 'पण मग तिनं असं का नाही केलं' सुरू करू नकोस, कारण जे तुला सुचेल ते सगळं तिलाही सुचलं होतं, तेही सांगते, पण ओळीनं सांगू दे. आणि आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. तू कोल्हापुरात राहतेस. तुमच्याकडे तापसुट्टी नाही. तापसुट्टी काय असते ते मे महिन्यात अकोल्यात दुपारी एक वाजता बसल्याशिवाय कळत नाही.

तर डाबकी रोडच्या आत अकरा घरांची एक गल्ली आहे. त्यात गावंड्यांचं घर. दोन भाऊ, दोघं दालमिलमध्ये, सकाळी आठला जातात आणि संध्याकाळी भुश्शानं पिवळे होऊन येतात. घरात दोन जावा. थोरली स्नेहल, धाकटी ऋतुजा. गोष्ट ऋतुजाची. आयटीआयला फ्रीज-एसीचा ट्रेड केलेली पोरगी, वर्गात एकटी मुलगी होती, आणि घरात मिक्सर बिघडला तरी तिलाच हाक मारायचे.

दोघी जावा, आणि गल्लीतल्या सगळ्या बायका म्हण ना, एकाच कंपनीचं काम करायच्या. हातकाम म्हणतात त्याला. तिकडे उत्तरेला कुठल्या तरी बंदरावर मोठमोठी शीतगृहं आहेत, आत उणे पंचवीस. तिथे माणूस दिवसभर उभा राहू शकत नाही, यंत्राचे हात काम करतात. पण गोठलेल्या माशाचं खोकं निसटायला लागलं की यंत्राला अजून कळत नाही कसं सावरायचं, ते माणसाच्याच हाताला कळतं. मग इकडे या बायका हातमोजे घालून लॅपटॉपपुढे बसतात, आणि ह्या बोट हलवतील तसं तिकडे लोखंडाचं बोट हलतं. स्नेहलनं तिच्या यंत्राला नाव ठेवलं होतं, बंड्या. आयुष्यात माशाला शिवली नाही बाई, माळकरी घरची, आणि दिवसाला चौदाशे खोकी बांगडा इकडून तिकडे. स्क्रीनवर तिकडचा मुकादम दिसायचा, कानटोपी घालून, तोंडातून वाफ सोडत. आणि इकडे हिच्या भुवईवरून घाम थेट डोळ्यात. पुसायचाही कसा, हातात मोजे! हिनं कपाळाला हात लावला की तिकडे बंड्या खोकं सोडून स्वतःचं डोकं खाजवायचा.

हसू नकोस. पुढे ऐक.

आता कूलर का नाही, हे विचारशील. कूलर आहेत गं, प्रत्येक खिडकीत आहेत. पण कूलर दिवसाला शंभर लिटर पाणी पितो आणि नळ येतो दहाव्या दिवशी. कोरड्या कूलरमध्ये लोक कांदे ठेवतात. एसी म्हणशील तर एप्रिलपासून वीज इतकी मोजून येते की पंखा आणि लॅपटॉप चालला तरी पुष्कळ.

म्हणून तो कायदा आला. एका उन्हाळ्यात घरात बसून काम करणारी पुष्कळ माणसं एका आठवड्यात आडवी झाली, त्यानंतर. घरातली हवा चाळीसच्या वर गेली की काम आपोआप बंद, पगार चालू. लॅपटॉप स्वतःच झोपतो, उठवला तरी उठत नाही. आपल्याकडे ते व्हायचं बारा-सव्वाबाराला, आणि उठायचा साडेचारला. ती तापसुट्टी.

आणि काय असायची ती! अख्खी गल्ली एकदम गप्प. दारं लोटलेली, दाराला ओल्या चादरी. गावंड्यांच्या मधल्या खोलीत फरशीवर दोन तांबे पाणी मारायचं आणि दोघी जावांनी पाठ टेकायची. समोरच्या छायाकाकू इंगळे, अठ्ठावन्न वर्षांच्या, उशी काखेत मारून यायच्या, त्यांचं घर पत्र्याचं म्हणून. थोडं पन्हं, थोड्या चहाड्या, मग तिघी गाढ. सकाळी सहापासून हात हवेत धरून बसलेल्या बायका, त्यांचे खांदे त्या चार तासांत परत खांद्यासारखे व्हायचे. काकू म्हणायच्या, "देव दिसला नाई वं मले, पण सव्वाबारा दिसते रोज."

आता यातली खरी गोम. हवा चाळीसच्या वर गेली हे ठरवायचं कोणी? बायकांनी थर्मामीटर वाचून सांगायचं तर कंपनी म्हणते, तुम्ही तो चुलीशेजारी ठेवाल. म्हणून लॅपटॉपच मोजतो. कसा? सोपं आहे. चहाचा कप टेबलावर ठेव. डिसेंबरात पाच मिनिटांत थंड, मेमध्ये पाऊण तास गरम. म्हणजे कप किती वेगानं निवतो यावरून खोलीतली हवा कशी आहे हे काढता येतं की नाही? लॅपटॉप म्हणजे सतत उकळता चहा. आत किती उष्णता तयार होतेय हे त्याला माहीत असतं, कारण वीज तोच खातो. आत किती तापलंय तेही माहीत, डझनभर जागी मापकं बसवलेली असतात. मग पंखा फिरवूनही उष्णता बाहेर पडत नाहीये, याचा अर्थ बाहेरची हवाच तापलेली. गणित उलटं सोडवायचं, की खोलीचं तापमान हातात.

तरी कंपनीला भीती, कुणी लॅपटॉप उन्हात ठेवला तर? म्हणून दुसरी कडी. एका गल्लीतली हवा साधारण सारखीच असणार. तर अकरा घरांचे अकरा आकडे घ्यायचे, लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावायचे, आणि बरोबर मधला, म्हणजे सहावा, तो गल्लीचा आकडा. एका-दोघांनी लबाडी केली तरी मधला हलत नाही. सुट्टी मिळणार ती गल्लीला, घराला नाही. आणि एका घरात दोन लॅपटॉप असतील तर जो जास्त थंड, तोच त्या घराचा आकडा. हा नियम कुणाच्या सोयीचा ते तूच समज.

सगळी भोकं बुजवली. फक्त एक राहिलं. कुणी मुद्दाम थंडपणाचं खोटं दाखवेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. कोण कशाला दाखवेल? सुट्टी घालवायला?

एप्रिलच्या सुरुवातीची गोष्ट. सकाळी दहानंतर, म्हणजे सुट्टीच्या आधीचे दोन तास, लॅपटॉप तापायचे. तापला की तो जीव वाचवायला आपला वेग कमी करतो. मग स्नेहलनं इकडे मूठ मिटली की तिकडे बंड्या पाव सेकंद उशिरा मिटायचा, आणि तेवढ्यात खोकं खाली. चूक नोंद. स्नेहलला त्या चुका परवडत नव्हत्या. सलग तीस दिवस दहाच्या आत चुका ठेवल्या तर सकाळची पाळी मिळते, पहाटे पाच ते अकरा. आणि सकाळची पाळी तिला का हवी होती? ओवीसाठी. ओवी तिची मुलगी, सहा वर्षांची, कारंज्याला आजोळी ठेवलेली, कारण दिवसभर मोजे घालून बसलेली आई पोरीची वेणी कधी घालणार? सकाळची पाळी मिळाली असती तर जूनमध्ये ओवीचं नाव इथल्या शाळेत घातलं असतं.

एक दिवस साडेअकराला स्नेहलनं मोजे काढून फेकले आणि भिंतीकडे तोंड करून बसली. रडली नाही. नुसती बसली. ऋतुजा उठून मागच्या अंगणात गेली.

अंगणात फुटलेला माठ होता. कूलरचा लहान पंप होता. जुन्या कॉम्प्युटरचा हातभर वायरचा पंखा होता. भाजी धुवायची ट्रे, दिव्याच्या वातीचा कापूस, आणि पापड वाळवायची जाळी. तिनं माठाची खापरं तळहाताएवढी करून, कडा फरशीवर घासून, ट्रेमध्ये उभी लावली, पोळ्या उभ्या लावाव्यात तशी, मधे बोट जाईल एवढी फट ठेवून. खाली दोन लिटर पाणी. पंपानं पाणी वर, वातींवरून ते खापरांत झिरपायचं. एका बाजूनं पंखा, वर जाळी, जाळीवर लॅपटॉप. झालं.

विज्ञान म्हणशील तर आपला माठच. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात, पाणी त्यातून बाहेर येतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितकी वाफ जास्त. आणि मेमधल्या अकोल्याइतकी कोरडी हवा कुठे मिळायची? खोलीत बेचाळीस, खापरांमधून निघालेली हवा सत्तावीस. कूलर खोली थंड करायला जातो म्हणून टाकी रिकामी करतो. हिला फक्त लॅपटॉपच्या पोटाला वारा घालायचा होता. दोन लिटर बस.

स्नेहलनं मोजे घातले, बंड्याला दोनदा मूठ मिटायला लावली, आणि ओरडली, "ऋतू! हा तं लोण्यासारखा चालून राहिला वं!"

त्या दिवशी चुका चार. दुसऱ्या दिवशी तीन. स्नेहल दर संध्याकाळी आईला फोन करून आकडा सांगायची, क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा.

मग काय, गल्ली. गल्लीत काही लपतं का? एकेक जण फुटका माठ घेऊन आली. ऋतुजानं स्वतःलाही एक स्टँड केला, आणि पाच घरांना पाच करून दिले, हौसेनं. छायाकाकूंकडेही गेली एक घेऊन. काकूंनी दारातच हात जोडले.

"फुटकं मडकं मायासमोर ठेवून काम करू? पोरी, मडकं कधी फोडतात माहीत आहे ना तुले? मी अजून जित्ती आहो."

"काकू, ते माठाचं खापर आहे."

"मग माठ काय विलायतहून येते काय? ने बाई ते."

असंच म्हणून आणखी चार घरांनीही नको म्हटलं. घरात फुटकं खापर नको, कामाच्या जागी तर नकोच. म्हणजे हिशोब बघ. पाच घरांत स्टँड नाही. पाच घरांत दिलेला, आणि गावंड्यांचं स्वतःचं. सहा.

कळलं? सहा.

ज्या दिवशी सहाव्या घरात स्टँड सुरू झाला त्या दिवशी सव्वाबारा वाजले, आणि लॅपटॉप झोपले नाहीत. साडेबारा. एक. बाहेर पंचेचाळीस. काकू उशी काखेत घेऊन दारापर्यंत आल्या, आणि त्यांच्याच घरातून बंद न झालेला लॅपटॉप 'जागेवर या' म्हणून ठणाणा करतोय हे ऐकून परत गेल्या. सगळ्यांना वाटलं, बिघाड असेल, उद्या होईल नीट. उद्याही नाही. परवाही नाही. आठव्या दिवशी निरोप आला: सलग सात दिवसांच्या नोंदीनुसार तुमची गल्ली थंड जागा म्हणून नोंदली आहे, इथून पुढे तापसुट्टी लागू नाही, परत गरम जागा म्हणून नोंद हवी असल्यास सलग सात दिवस गल्लीचा आकडा चाळीसच्या वर दिसायला हवा.

ऋतुजानं तो निरोप वाचला, आणि दाराच्या चौकटीला टेकून बसली. तिला तिथल्या तिथे कळलं. फ्रीज-एसी शिकलेली ती. आपण लॅपटॉपला गार केलं आणि लॅपटॉपला वाटलं, जगच गार आहे.

तिनं कंपनीला फोन केला. तिकडे माणूस नसतो, आवाज असतो. तो आवाज गोड बोलला, "आपल्या गल्लीचं तापमान एकोणतीस आहे. आपल्याला जास्त जाणवत असल्यास आपल्याला ताप आहे का?"

"मला नाही, गल्लीला आहे," ऋतुजा म्हणाली.

"लवकर बरे व्हा," आवाज म्हणाला.

स्टँडबद्दल खरं सांगून टाकावं, तर करारात स्पष्ट लिहिलेलं, मापनात ढवळाढवळ केली तर काम कायमचं बंद. सहाही घरांचं. तो रस्ता तिथेच संपला.

मग ती त्या पाच घरी गेली, स्टँड काढा म्हणायला. कुणी वाईट बोललं नाही, ते जास्त वाईट. एकीचा नवरा घरी बसलेला. एकीला नुकती चुकांची शेवटची ताकीद मिळालेली. "सुट्टी तं गेलीच, आता लॅपटॉपही तापू देऊ काय?" एवढंच. सात दिवस, सुट्टी नाही, स्टँड नाही, खोकी पडताहेत, आणि कशासाठी, तर शेजारणीनं काढला तर आपणही काढू. कोण पहिली होणार?

पण खरं तर पाचांची गरजच नव्हती. ऋतुजानं वहीच्या मागच्या पानावर आकडे रांगेत लावून पाहिले. सहा थंड, पाच गरम. एकच घर इकडून तिकडे गेलं की पाच थंड, सहा गरम, मधला आकडा गरम. एकच घर पुरे. आपलं.

तिनं तिचा स्टँड त्याच मिनिटाला काढला. पण घराचा आकडा जास्त थंड लॅपटॉपचा. म्हणजे स्नेहलचा.

"ताई," ती संध्याकाळी भांडी घासताना म्हणाली, आणि सगळं सांगितलं. रांग, मधला आकडा, सात दिवस.

स्नेहल ऐकत होती, हातातलं ताट परत परत तिथेच घासत.

"बावीस दिवस झाले माझे," ती म्हणाली. "आठ राहिले. फक्त आठ, ऋतू. आठ दिवसांनी तू म्हणशील तं मीच उचलून आपटते तो स्टँड. मंग घे तुझे सात दिवस."

आणि बघ, यात चूक काय होतं? काहीच नाही. आठ अधिक सात, पंधरा. पंधरा दिवसांनी सगळ्यांना सगळं. ऋतुजा म्हणाली, बरं ताई. मनापासून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला समोरून भांडं पडल्यासारखा आवाज आला. ऋतुजा मोजे काढून धावली. पत्र्याच्या खोलीत छायाकाकू खुर्चीवरून सरकून खाली बसल्या होत्या, तोंड लाल, घाम मात्र नाही. घाम नाही हे वाईट, हे तिला माहीत होतं. तिनं ओली चादर गुंडाळली, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं, पंधरा दिवसांत सुट्टी परत येईल असा धीर दिला. तिकडे स्क्रीनवर काकूंच्या यंत्राचा हात खोकं धरून तसाच अधांतरी, आणि कानटोपीवाला मुकादम खालून बघतोय.

अर्ध्या तासानं काकू उठल्या आणि मोज्यांकडे हात केला.

"काकू, रजा टाका."

"रजा संपल्या वं. जानेवारीत यायच्या ऑपरेशनात गेल्या साऱ्या." आतल्या खोलीत इंगळेकाका खोकत होते. "रायले कितीक दिवस? पंधरा म्हन्तं ना तू? पंधरा दिवस काय होते मले. लगन होऊन आली तवा पान्याच्या टाकीवर विटा वाहल्या मी." त्यांनी मोजे चढवले. "फक्त दुपारी डोळ्यापुढं काळं येते. तेवढा येळ डोळे मिटून खोके उचलतो. सवय झाली."

डोळे मिटून. पंचेचाळीसात. हे पहिल्याच दिवशी झालं. पंधरातल्या पहिल्या.

ऋतुजा घरी आली. स्नेहलला सांगितलं. स्नेहलचा चेहरा पडला, ती लगेच काकूंकडे जाऊन आली, रात्रीचा स्वयंपाक त्यांच्याकडे पोचवला, काकांचे पाय दाबून दिले. कठोर बाई नाही ती. पण स्टँडचं काही बोलली नाही. ऋतुजानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर स्नेहल हो म्हणाली असती कदाचित, आणि मग जन्मभर ते 'हो' दोघींच्या मधे ताटासारखं पडून राहिलं असतं. किंवा नाही म्हणाली असती, आणि ते त्याहून वाईट. ऋतुजाला ती दोन्ही उत्तरं ऐकायची ताकद नव्हती. ती फार दमली होती गं. दमलेली माणसं सगळ्यात जवळचा रस्ता धरतात.

दुसऱ्या दिवशी नळ आला. नळाच्या दिवशी सकाळी घरात कुणी जागेवर नसतं. स्नेहल पाइप धरून अंगणात, टाकी, पिंप, बादल्या, कळशी, जे भांडं हाताला लागेल ते. ऋतुजा आत. आपल्याकडे तेलकट हात माठाला लावू देत नाहीत, माहितीय ना? तेलानं मातीची छिद्रं बुजतात. पाणी आत असतं, पण बाहेर झिरपत नाही, वाफ होत नाही, आणि माठ नुसता मातीचा डबा होऊन बसतो. तिनं फोडणीच्या तेलात कापूस बुडवला आणि स्नेहलच्या स्टँडमधलं एकेक खापर बाहेर काढून दोन्ही बाजूंनी पुसलं. चौदा खापरं. परत उभी लावली, तशीच, बोटभर फट ठेवून. वर थेंब टाकून पाहिला. थेंब आत गेला नाही. मण्यासारखा घरंगळला.

मग बाहेर जाऊन तिनं पाइपचं दुसरं टोक धरलं.

दहा वाजता हाक आली. "ऋतू, पाहा ना याले काय झालं? पाणी आहे, पंखा फिरून राहिला, पण वारा गरमच येते."

ऋतुजा आली. वाकली. जाळीसमोर हात धरला. गरम वारा तळहातावर घेत ती म्हणाली, "हवेत दमटपणा वाढला असेल ताई. दमट हवेत वाफ होत नाही. खापर काय करणार बिचारं."

दमट! अकोल्यात, मे महिन्यात, जिथे ओला टॉवेल दहा मिनिटांत पापड होतो. पण स्नेहलनं मान डोलावली.

"तू म्हणते तं असंन. तुले समजते त्यातलं."

त्या दिवशी स्नेहलच्या चुका अकरा. हद्द दहाची. बाविसावर आणखी एक दिवस जमून तेवीस झाले होते, आता मोजणी परत शून्य. तिनं त्या संध्याकाळी आईला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी चुका चौदा. तिसऱ्या दिवशी ती स्वतःचे हात डोळ्यांसमोर धरून बघत होती, उलटेसुलटे. "यंत्राचा दोष नाही ऋतू. माझेच हात गळाले. तुझ्या स्टँडनं इतके दिवस झाकलं होतं, एवढंच."

इथे सांगता आलं असतं. ऋतुजानं तोंड उघडलंही. पण तीन दिवस झाले होते, चार राहिले होते, आणि खिडकीतून समोर काकू दिसत होत्या, डोळे मिटून, हात हवेत, खोकी उचलत. ऋतुजा म्हणाली, "तसं नाही ताई, उन्हानं होतं," आणि तिच्या खांद्याला तेल लावून चोळून दिलं.

चौथा. पाचवा. सहाव्या दिवशी काकूंना उलटी झाली. सातव्या दिवशी दोघी शेजारी शेजारी बसून माशाची खोकी लावत राहिल्या, घामाचे थेंब मोज्यांवर पडत राहिले, आणि तिकडे दोन लोखंडी हात कुणीतरी झोपेत चालावं तसे चालत होते.

आठव्या दिवशी बारा वाजून दहा मिनिटांनी स्क्रीन काळी झाली.

आधी कुणाला खरं वाटलं नाही. मग कुठलं तरी दार लोटल्याचा आवाज आला, मग दुसरं, मग गल्लीभर. कुणी ओरडलं नाही, टाळ्या नाहीत. एवढी ताकद कुणात उरली होती? फरशीवर पाणी मारल्याचा सपसप आवाज तेवढा एका घरातून दुसऱ्या घरात जात राहिला. काकू आल्या, उशी काखेत. आडव्या झाल्या, आणि पन्ह्याचा पेला भरेपर्यंत घोरायलाही लागल्या. तोंड उघडं, कपाळावर घाम. छान, भरपूर घाम. ऋतुजानं तो बोटानं पुसून पाहिला.

स्नेहल बाहेरच्या खोलीत फोनवर होती. सावकाश, स्पष्ट बोलत होती. "आई, ओवीचं नाव तिथंच घालून दे यंदा. नाही, काही झालं नाही. पुढच्या साली पाहू. नाही वं, रडत नाही मी, झोप येऊन राहिली फक्त."

मग ती आत आली आणि ऋतुजाच्या शेजारी, ओल्या फरशीवर पाठ टेकून पडली.

"एक सांगू?" ती म्हणाली. "हे सात दिवस तू होती म्हणून निघाले. नाही तं मी हे काम सोडूनच दिलं असतं. कुणी काही बोललं नाही मले, तूही नाही. इतक्या चुका केल्या तरी रोज खांदे चोळून दिले." आणि तिनं कूस बदलली, ऋतुजाच्या दंडावर हात टाकला, आणि बघता बघता झोपली. हात तसाच. जड.

ऋतुजा जागी. अख्ख्या गल्लीत ती एकटी जागी. तिनं हात काढला नाही. एकदा हळूच "ताई" म्हणाली, इतकं हळू की तिचं तिलाच ऐकू आलं. उन्हाळ्याचे अजून पंचवीस दिवस होते, रोज चार तास, आणि रोज हा हात असाच दंडावर पडणार होता.

एवढंच. आता तू बोल. तू म्हणशील, तेल लावायलाच नको होतं, पण ते झालं गं, ते सोड, काकू जित्या आहेत. मी विचारतेय ते त्या दुपारचं. शेजारी ती झोपलेली, पोरगी तिची कारंज्याला, आणि तिला वाटतंय की चूक आपल्या हातांची आहे. तिला उठवून सांगितलं असतंस? की झोपू दिलं असतंस? तू काय केलं असतंस, खरं सांग.